गुळाची तुला

माझ्या सासूबाई, विजयाबाई, दीड महिना अनवाणी फिरत होत्या, आणि त्याला कारण माझं पोट.

दोन सिझरनंतर ते जे सुटलं ते सुटलंच. आम्ही सौसरला राहतो; तिथं मी शिकवते त्या शाळेत पोरी कुजबुजायच्या, मॅडमला तिसरं आहे का म्हणून. चालून झालं, भात सोडून झाला. शेवटी नागपूरला जाऊन मी पोटाची चरबी काढून घेतली. डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. आकार सुधारेल, वजन फारसं उतरणार नाही, म्हणाले. पाणी साचतं, कातडी बधिर होते, क्वचित रक्ताची गुठळी होऊन जिवावर बेततं, हेही सांगितलं. मी सही ठोकली. मला जिवाची भीती नव्हती, लोकांची होती.

म्हणून घरी सांगितलं की पोटात गाठ आहे. माझा नवरा सौरभ नको म्हणत होता, मीच त्याला गप्प केलं. आमच्याकडे गाठ म्हटलं की कोणी पुढचं विचारत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. सासूबाईंनीही विचारलं नाही. त्यांनी तिकडे सावरगावच्या त्यांच्या घरात चपला काढून ठेवल्या आणि देवीला नवस बोलल्या: सून बरी झाली की तिच्या वजनाइतका गूळ वाटीन, तोवर पायात काही घालणार नाही.

मला हे कळलं तेव्हा तुलेचा दिवस ठरला होता. तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. पोट खरंच सपाट झालं होतं, आरशात पाहून मी खूश होते, खोटं कशाला सांगू.

पांढुर्ण्याच्या देवळात मंडईतला मोठा तराजू आणला होता. साडीच्या आत घट्ट पट्टा होता, आदल्याच दिवशी डॉक्टरांनी सुईनं साचलेलं पाणी काढलं होतं. सासूबाईंनी माझ्या जुन्या वजनाच्या अंदाजानं गूळ आणला होता. दांडी जवळजवळ सरळ राहिली. जमलेल्या बायांना त्या भरल्या डोळ्यांनी सांगू लागल्या, एवढं गाठीचं दुखणं, पण पोरगी काही खंगली नाही.

मी पारड्यात बसलेली. नजरेसमोर त्यांचे पाय. वैशाखातल्या डांबरानं टाचा फुटलेल्या, एका अंगठ्याला चिंधी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गूळ वाटून झाल्यावर सौरभनं त्यांच्या चपला आणल्या. त्या पायरीवर बसल्या. मी त्यांच्याजवळ वाकले.

"आई, गाठ नव्हती. बारीक दिसाले चरबी काढली मी."

त्या रागावल्या नाहीत. माझ्या पोटाकडे पाहिलं, मग गूळ खाणाऱ्या बायांकडे.

"म्हणजे देवीले मी खोटंच सांगतलं," त्या म्हणाल्या, आणि चपला बाजूला सारल्या. "आता माफी मांगाले पाच मंगळवार असंच या लागन."

मी घाईनं माझ्या चपला काढू लागले. त्यांनी माझं मनगट धरलं.

"तू घाल. तुह्या जखमा ओल्या हायेत अजून."

त्या उठून घरच्या वाटेनं, जाम नदीच्या पुलाकडे चालू लागल्या. ऊन चढलं होतं. मी मागून निघाले. माझ्या चपला पायात होत्या, त्यांच्या माझ्या हातात.