सात नंबरचा दांडा

शाळेच्या नाटकाला दिवे आणि आवाज सांभाळायला एखादा पालक हवा, असं बाईंनी सभेत सांगितलं, तेव्हा सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. हात वर केला तो बिट्टीच्या आईनं. घरातला फ्यूज उडाला तरी ती शेजाऱ्यांना हाक मारायची. पण बिट्टी नाटकात होती, आणि लेकीची तालीम रोज बघायला मिळेल हा खरा लोभ.

इतकी वर्षं हे काम वायरमनकाकांचं. दिव्यांची खोली सभागृहाच्या मागच्या भिंतीला, उंचावर; चढायला लोखंडी शिडी. काकांचे गुडघे आता ती शिडी चढू देत नव्हते. ते खाली खुर्ची टाकून बसत आणि तिथूनच शिकवत.

वर एक टेपरेकॉर्डर आणि फळीवर बारा दांडे. दांडा वर सरकवला की दिवा उजळ, खाली ओढला की मंद. पहिल्याच तालमीत तिनं वादळाच्या जागी कोंबड्याचं आरवणं लावलं.

"अहो ताई, जहाज बुडतंय की उजाडतंय?" काका खालून ओरडले. मुलं हसून हसून लोळली. पण पंधरा दिवसांत तिचा हात बसला.

"कुठला दांडा कधी, त्या कागदावर नजर ठेवा, रंगमंचावर नको," काका रोज बजावत. "नाटक बघायला खुर्च्यांवर माणसं बसवलीत आपण."

नाटक जहाजाचं होतं. कप्तान झालेली उंच मुलगी आजोबांजवळ वाढत होती. बिट्टी खलाशी. तिची दोन वाक्यं, मग शेवटपर्यंत उजव्या कोपऱ्यात, सात नंबरच्या दिव्याखाली, दोर धरून उभं राहायचं. शेवटी सगळे दिवे मंद करून चार नंबरचा तेवढा वर न्यायचा. मधोमध कप्तान आणि तिचं निरोपाचं भाषण.

प्रयोग दुपारी होता, जाड पडदे ओढून. शेवटापर्यंत सगळं बिनचूक झालं. आईनं दिवे मंद केले आणि एकदाच मान वर केली. बिट्टी दोर धरून अशी ताठ उभी होती, की आईचं काळीज सुपाएवढं झालं. हात आपोआप दांड्यावर गेला. सात नंबरच्या.

कप्तान अंधारात बोलत राहिली. लख्ख उजेडात बिट्टी नाक खाजवत होती. लोक हसले, तशी आईही हसली. नाक खाजवतानासुद्धा किती गोड दिसते पोर! कागदाकडे तिचं लक्ष गेलं तेव्हा भाषण संपलं होतं.

रंगमंचामागे सगळे जमले. "जुनं यंत्र, दुसरं काय!" बाई म्हणाल्या. "काका, तुम्ही आधी उघडून बघायला हवं होतंत."

काकांनी बिट्टीच्या आईकडे पाहिलं. ती मिठाची गुळणी धरून उभी. "हो, चुकलंच माझं," काका म्हणाले, आणि लंगडत आपल्या खुर्चीकडे गेले.

तेवढ्यात कप्तानचे आजोबा काठी टेकत आले. "आमची पोर शेवटी कुठं गेली होती हो? आवाज तर येत होता. मला वाटलं डोळेच गेले. भाषणभर चष्मा पुसत बसलो."

कप्तान रंगवलेली मिशी पुसत होती. डोळे लाल झाले होते. "मीच चुकीच्या जागी उभी राहिले, आजोबा. खडूची खूण दिसलीच नाही मला."

आता मात्र बिट्टीच्या आईला राहवेना. "तू जागेवरच होतीस गं. यंत्रही ठीक आहे. दांडा मी चुकीचा सरकवला. मी बिट्टीकडे बघत होते."

"आई!" बिट्टीनं तिचा हात सोडला.

कप्ताननं मान वर केली. "बाई काकांना बोलल्या, तेव्हा तुम्ही इथंच होतात ना?"

"होते."

असू दे, लहानसहान चुका व्हायच्याच, असं कुणीतरी म्हणेल म्हणून ती थांबली. कुणी म्हणालं नाही. आजोबांनी नातीच्या खांद्यावर हात ठेवला. "चल, घरी म्हणून दाखव मला. सगळं भाषण."

ती दोघं निघाली. बिट्टीही त्यांच्यामागून गेली, आईकडे न बघता.

वरचे दिवे अजून चालूच होते. बंद करायला शिडी चढायला हवी होती, आणि शिडीच्या पायथ्याशी खुर्ची टाकून काका बसले होते. बिट्टीची आई पडद्याची कड धरून बराच वेळ तिथंच उभी राहिली.