ओटा नसलेली कॅम्पर

मित्रांनो, मला कॅम्पर म्हणतात. हे नाव मी मागून घेतलेलं नाही, पण या एका नावाच्या घोटाळ्यानं माझ्या म्हातारपणाला असं काही वळण दिलं, की ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

आमच्या नाशिककडे कॅम्पर म्हणजे काय, हे कोणीही सांगेल. पुढे माणसांना बसायला दोन ओळी आसनं आणि मागे माल भरायला उघडा हौदा. माझा जन्म कारखान्यातला. अंगावर पांढराशुभ्र रंग, चाकांना नव्या रबराचा वास. गोटीराम मला चांदवडच्या पलीकडे आपल्या गावी घेऊन गेले, तेव्हा त्यांच्या पत्नीनं, कुसाबाईंनी, माझ्या कपाळावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि माझ्याच कानात बोलावं तसं हळूच म्हटलं, "बाई, सांभाळून जात जा."

मी सांभाळूनच गेले. दिवसा माझ्या हौद्यात कांदा असायचा. बाजार समितीच्या रस्त्यानं जाताना लाल पापुद्रे माझ्या मागे उडत जायचे, जणू कुणी गुलाल उधळतंय. आणि सांजेला त्याच हौद्यात टाळकरी बसायचे. गोटीराम मृदंग वाजवायचे. आसपासच्या कुठल्याही गावात सप्ताह असो, कीर्तनाला आमची गाडी ठरलेली. पण एक नेम होता. वीणा चढण्याआधी मला आंघोळ. कांद्याचा शेवटचा पापुद्रा निघेपर्यंत गोटीराम हौदा धुवायचे. मग कुसाबाई घोंगडी अंथरायच्या आणि मगच बुवा पुढच्या आसनावर बसायचे, फेटा मांडीवर घेऊन.

परत येताना सगळे कीर्तनाबद्दल बोलत असायचे. कुणाची चाल उतरली, कुणाचा टाळ मागे पडला, दृष्टांत कसा रंगला. मी बाहेर उभी राहून कर्ण्यातून जे ऐकलेलं असायचं, तेच मला पुन्हा ऐकायला मिळायचं. मित्रांनो, माझी समजूत अशी आहे की कीर्तन ऐकलेलं लोखंड गंजायलाही थोडा वेळ घेतं.

पण काळ कुणासाठी थांबत नाही. गोटीरामांचा मुलगा स्वराज मोठा झाला, त्यानं मोठा टेम्पो घेतला. एका वेळी माझ्या दुप्पट कांदा नेणारा. मी कांदा साठवायच्या चाळीशेजारी लिंबाखाली उभी राहू लागले. एका चाकातली हवा गेली. मागच्या आसनावर कोंबडी अंडी घालू लागली, आणि खरं सांगते, तिचीच काय ती मला सोबत होती.

"अण्णा, भंगारवाला येतोय. देऊन टाकू," स्वराज म्हणायचा.

"उद्या बघू," गोटीराम म्हणायचे आणि खांद्यावरच्या उपरण्यानं माझी काच पुसायचे. असे पुष्कळ उद्या गेले.

आणि एके दिवशी, चैत्रातल्या सकाळी, एक मोटार आमच्या दारात आली. ती गाड्यांच्या खरेदी-विक्रीचं काम करणाऱ्या रिझवानची होती. तिच्यातून नाशिक रोडचे शेखरकाका आणि प्रतिभाकाकू उतरले. काका सरकारी छापखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले. सारा जन्म यंत्रांपाशी गेलेला.

"कुठंय कॅम्पर?" काकांनी विचारलं.

"ही काय, तुमच्या म्होरंच उभी हाय," गोटीराम म्हणाले.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं, मग चाळीच्या पलीकडे.

"अहो, ही तर पिकअप आहे."

"नाय साहेब. पिकअपला म्होरं एकच शीट. ही डबल शीट. कॅम्पर."

"रिझवान, मी तुला फोनवर काय सांगितलं होतं?"

"काका, तुम्हीच म्हणालात ना, आम्ही दोघं निवृत्त, महिना महिना फिरायचंय, चांगली कॅम्पर बघ. मला वाटलं, रिटायर होऊन कांद्याच्या धंद्यात पडताय."

"अरे, कॅम्पर म्हणजे आत झोपायला पलंग, बेसिन, शेगडी, फ्रिज..."

"ती व्हॅनिटी व्हॅन, काका. तिच्यात हिरॉइन बसते."

हे ऐकून प्रतिभाकाकू हसू लागल्या. एवढ्या हसल्या, की त्यांना माझ्या मागच्या फाळक्याचा आधार घ्यावा लागला. फाळका म्हणजे हौद्याचं मागचं दार. ते खाली पाडलं की बाक होतो. कुसाबाईंनी तो पुसला, काकूंना बसवलं आणि चहाचा कप हातात दिला. पुरुषमंडळी पुढे माझ्या बॉनेटपाशी गेली. काका मोबाइलवर त्यांना पसंत पडलेल्या गाडीचे फोटो दाखवत होते.

"आयला, घरच उचलून चाकावर ठिवलंय की," गोटीराम म्हणत होते.

मला मात्र मागचं बोलणं ऐकू येत होतं.

"तुमाला आवडली का ती गाडी, ताई?" कुसाबाईंनी विचारलं.

"यांना आवडलीय."

"मी तुमचं इचारलं."

काकू थोडा वेळ चहावर फुंकर घालत राहिल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "तिच्यात दोन शेगड्यांचा ओटा आहे. मसाल्याच्या बरण्यांना वेगळं कपाट आहे. विक्रीवाला मुलगा मलाच सगळं उघडून दाखवत होता. काकू, हे बघा तुमचं किचन, म्हणाला. माझं. यांच्या पहिल्या पाळीचा डबा मी पहाटे उठून भरत आले. मुलांचे डबे, सासूबाईंचं पथ्य. हे निवृत्त झाले तेव्हा शाल दिली, श्रीफळ दिलं, भाषणं झाली. मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन कणीक मळली. आता हिमालयात गेले तरी ओटा माझ्या मागून येणारच आहे, चाकांवर."

"मंग सांगा की त्यायला."

"किती हौसेनं बघतायत, कुसाबाई. इथं स्वस्तात जमलं नाही, तर सोमवारी तिलाच बयाणा द्यायचंही ठरलंय. आता कुठं मोडता घालू?"

मित्रांनो, त्या क्षणी मला माझा हॉर्न स्वतःहून वाजवता आला असता तर मी वाजवला असता. पण बॅटरी उतरलेली होती, आणि गाडीनं माणसांच्या बोलण्यात पडायची रीत नाही.

त्याच दिवशी गावात सप्ताहाची सांगता होती, काल्याचं कीर्तन. दारी आलेल्या माणसाला अशा दिवशी गोटीराम कसे जाऊ देतील?

"गाडी पसंत नाय, तर नाय. पण काल्याचा परसाद घेतल्याबिगर जायचं नाय," ते म्हणाले. मंडप आमच्या वस्तीपासून लांब, शेजारपाजारच्या बायकाही जायला खोळंबलेल्या, आणि स्वराज टेम्पो घेऊन बाजारात गेला होता. गोटीरामांनी कोंबडीला उठवलं, रिझवाननं आपल्या मोटारीतून वायर जोडली, आणि मी खोकले. मग पुन्हा खोकले. मग सुरू झाले.

शेखरकाका मान वाकडी करून माझं इंजिन ऐकत राहिले, डॉक्टर छाती तपासताना ऐकतो तसे. "पत्रा गेलाय," ते म्हणाले, "पण इंजिनला काही झालेलं नाही. सम सोडत नाही."

"कीर्तनातली हाय," गोटीराम म्हणाले.

चाकात हवा भरली, हौदा धुतला, घोंगडी अंथरली. काका पुढे बसले. काकूंना पुढे बोलावलं तर त्या म्हणाल्या, "मी मागंच बसते, बायकांत." आणि पदर खोचून हौद्यात चढल्या. वाटेत बायकांनी गजर धरला, रामकृष्ण हरी. काकूंचा आवाज आधी दबून होता, मग मोकळा झाला. किती दिवसांनी माझ्या हौद्यात नाम चढलं होतं. माझे सगळे नटबोल्ट सुखावले.

मंडपात चिमाजीबुवा उभे होते. काल्याच्या कीर्तनात देवाच्या बाळपणीची ती गोष्ट असते, तुम्हाला ठाऊकच आहे. गाई चरत आहेत, सवंगडी शिदोऱ्या सोडत आहेत, आणि देव सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवतो. बुवा म्हणाले, "बाबांनो, देव घास वाटायला का उभा राहिला? त्याच्या घरी काय कमी होतं? अरे, ज्याला आयुष्यभर पुढ्यात आलं, त्याला वाढण्यातली गोडी कशी कळावी? म्हणून जगाचा मालक वाढपी झाला." मग हंडी फुटली, लाह्या आणि दह्याचा प्रसाद हातोहात गेला.

त्यानंतर पंगत. आमच्या सप्ताहाची रीत अशी, की काल्याच्या दिवशी पहिली पंगत बायकांची आणि वाढायला पुरुष. शेखरकाका मंडपाच्या कडेला उभे होते. कुणीतरी न विचारता त्यांच्या हातात आमटीची बादली दिली.

"चला साहेब, ती मधली ओळ तुमची."

"मला सवय नाही हो."

"बादली वाकवायची. सवय कशाला लागती?"

काका निघाले. पहिल्या पानाला आमटी बाहेरच सांडली, दुसऱ्या पानावर बुंदीत पडली. बायका हसल्या, काका ओशाळले आणि हळूहळू जमू लागलं. मान खाली घालून एकेक पान करत पुढे आले. आणि एका पानापाशी ओळखीच्या बांगड्यांचा हात दिसला.

"वाढा की," काकू म्हणाल्या. "थोडी अजून. गरम आहे."

काकांनी वाढली. पण ते पुढे सरकले नाहीत. तिथंच बादली घेऊन उभे राहिले आणि बायकोला जेवताना पाहत राहिले. मागून वाढपी ओरडला, "साहेब, म्होरं चला, भात थंड व्हतोय," तरी त्यांना हलायला वेळ लागला. मी मंडपाच्या तोंडाशीच उभी होते, म्हणून सांगते. माणूस निरोपसमारंभात रडत नाही, पण आमटीच्या बादलीपाशी त्याचे डोळे भरून येतात, हे मी त्या दिवशी पाहिलं.

परतताना काकूंना त्यांनी पुढे आपल्याजवळ बसवलं. गोटीराम चालवत होते, पण त्यांना ऐकू न येण्याची कला चांगली साधलेली होती.

"तू भात दुसऱ्यांदा घेतलास," काका म्हणाले.

"मग? नको होता घ्यायला?"

"घरी कधी घेत नाहीस."

"घरी तुमचं दुसरं होतं तेव्हा माझं पहिलं राहिलेलं असतं."

काका तिच्याकडे वळले.

"ती शेगडीवाली गाडी तुला नकोय."

"कुसाबाई काही बोलल्या का?"

"कुणी काही बोललं नाही."

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला यायचंय हो. नर्मदा बघायचीय, जमलं तर पार हिमालयापर्यंत यायचंय. नुसतं खिडकीशी बसून यायचंय. पण ओटा घरी ठेवून."

"मग स्वयंपाक मी करतो."

"तुम्हाला चहा येतो."

"चहावर जाऊ मग. जिथवर जाता येईल तिथवर."

गोटीरामांना ऐकू येत नव्हतं, तरी ते हसले.

मित्रांनो, त्या सोमवारी बयाणा गेला नाही. काका पुन्हा आले ते माझ्यासाठी. ज्या गाडीपाशी प्रतिभाचं हसू ऐकलं ती सोडून दुसरी कशाला घेऊ, असं त्यांनी गोटीरामांना सांगितलं. निरोपाच्या वेळी गोटीरामांनी मला शेवटची आंघोळ घातली, स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं आणि कुणाशी न बोलता शेताकडे निघून गेले. तो स्पर्श माझ्याजवळ आहे.

पुढे नाशिकला इनायत मिस्त्रींनी माझ्या हौद्यावर छप्पर चढवलं, आत पलंग बसवला, दोन्ही बाजूंना खिडक्या ठेवल्या आणि काकूंच्या गुडघ्यांसाठी बुटकी पायरी केली. कागदोपत्री जे बदल लागतात ते रिझवाननं रीतसर करून आणले.

"किचन कुठं बसवू?" मिस्त्रींनी विचारलं.

"किचन नको," काका म्हणाले. "फाळक्याला बाहेरून एक घडीची फळी लावा. एका शेगडीपुरती. आणि उंची माझी घ्या."

"भाभींची नको?"

"त्यांची बिलकूल नको. त्यांना टाचा उंचवायला लागल्या पाहिजेत."

मिस्त्रींनी हसत हसत टेप काकांच्या कमरेला लावली.

आमचा पहिला मुक्काम नर्मदेच्या काठी पडला. सांज होत होती, घाटावर आरतीची तयारी चालली होती. काकू माझ्या पुढच्या आसनावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, दार उघडं टाकून, नदीकडे तोंड करून. ओठांत रामकृष्ण हरी. मागे फळीवर काकांची पहिली खिचडी शिजत होती. डाळ आधी की तांदूळ आधी, यात त्यांचा बराच वेळ गेला होता.

"प्रतिभा, मीठ किती घालू?"

"चवीपुरतं."

"चवीपुरतं म्हणजे किती?"

काकूंनी डोळे मिटलेलेच ठेवले. "निवृत्त माणसाला कामाचं विचारू नये," त्या म्हणाल्या.

काकांनी अंदाजानं मीठ घातलं. खिचडी खारट झाली, खाली लागलीही. दोघांनी ती घाटाच्या पायरीवर बसून खाल्ली. काकूंनी पुन्हा मागून घेतली.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी जुनी गाडी तुमच्या दारात उभी असेल तर कधीमधी तिची काच पुसा, तिच्या चाकांत हवा आहे का पाहा. तिला बरं वाटतं. पण त्याआधी एक करा. आज जेवायला बसाल तेव्हा घरात कोण अजून बसलेलं नाही, ते बघा. तिचा हात धरून तिला पानावर आणा आणि तुम्ही उठून वाढा. सांडलं तर सांडू दे. फक्त गरम असतानाच वाढा.