माझ्या अंगावरचे ओरखडे

मी एक जुना काचेचा चंबू आहे. सध्या माझा मुक्काम फुटक्या काचांच्या डब्यात आहे, पण मी फुटलेलो नाही. तेवढं आधी सांगतो.

मित्रांनो, वरंगळच्या कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी आलो तेव्हा इतका नितळ होतो, की चंद्रमौळी सर मला उजेडात धरून बघत राहिले. सर कड्यांवर संशोधन करत. अणूंची कडी, डोळ्यांना न दिसणारी. तिच्या मधोमध तांब्याचा अणू बसवायचा, पाळण्यात बाळ ठेवावं तसा. पण तो खरंच बसला का, हे कळायला स्फटिक लागे, आणि स्फटिक काही येईना. माझ्या तळाशी नुसता काकवीसारखा जांभळा चिकटा.

एकदा सरांनी काचकांडी घेऊन माझ्या आतल्या अंगावर घासली. कर्रर्र! फार लागलं मला. पण त्या ओरखड्याला धरूनच पहिला कण उगवला. गुळगुळीत काचेवर त्याला टेकायला जागाच नव्हती. सरांनी मला गालाशी लावलं. "राजा, तुला कधी अंतर देणार नाही!"

मग प्रत्येक नव्या कडीला नवा ओरखडा. सरांचं नाव झालं. मी धुरकट झालो.

यंदा दिल्लीचे पाहुणे येणार म्हणून नवे चंबू आले. सरांनी मला उचललं. "हे कसलं ओरबाडलेलं भांडं? लाज जाईल. टाका!"

"सार, स्फटिक ह्यातच येतात," त्यांची विद्यार्थिनी स्वरूपाराणी म्हणाली. तिच्या कडीचा स्फटिक अजून आला नव्हता. त्यावाचून तिची पदवी अडली होती.

"नव्या काचेत येतील, अम्मा."

आले नाहीत. सर रोज टोमणा मारत, "तुझ्या स्फटिकाआधी तुझ्या आईचं आवकाय लोणचं मुरेल!"

शेवटी स्वरूपाने मला डब्यातून काढलं, धुतलं, पुसलं. "रागावू नको रे सोन्या," म्हणाली आणि आपलं द्रावण माझ्यात ओतलं. मी ओरखडे पसरून वाट पाहिली. दोन दिवसांनी सकाळी जांभळे स्फटिक चमकत होते. ती रडली, मग हसली.

सरांनी ते नव्या चंबूत काढून पाहुण्यांपुढे धरले. "बघा, नव्या काचेची कमाल!"

"सार, ते तर त्या जुन्या..."

"अम्मा, पाहुण्यांना चहा दे."

तिने चहा दिला. पदवी तिला मिळेल. सर जाताना म्हणाले, "ते जुनं भांडं दिसायला नको हं." तिने मला दोन्ही हातांनी उचललं आणि ह्या डब्यात अगदी हळूच ठेवलं. म्हणून मी फुटलो नाही.

मित्रांनो, कुणाच्या अंगावर ओरखडा दिसला, तर नाक मुरडण्याआधी तो कुणासाठी सोसला ते विचारा. माझ्या एका ओरखड्यात अजून एक जांभळा कण अडकून आहे. डबा उद्या उचलणार आहेत.