कार्डाला वारा

सुहादने संगणकाच्या पडद्यावरची तांबडी ओळ ओठ हलवत वाचली आणि खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं.

“परत तुटलं.”

तिचा नवरा थामिर पलंगाच्या कडेला भिंतीकडे तोंड करून बसला होता. हातात स्क्रूड्रायव्हर, आणि पाठ पडद्याकडे. या पडद्यावर लग्नांच्या फितींची नावं आणि चिमुकली चित्रं दिसत, आणि ती पुरुषाने बघायची नाहीत, मग तो स्वतःचा नवरा का असेना. सुहादचा सगळा धंदा या एका नियमावर उभा होता. लग्नात बायकांच्या दालनात कॅमेरा घेऊन ती एकटीच शिरायची. आत अबाया उतरलेले, केस मोकळे, नाच आणि थट्टेला ऊत आलेला. बगदादच्या त्या भागातल्या बायका तिच्यासमोर बिनघोर नाचायच्या, कारण सुहादकडची फीत घराचा उंबरा ओलांडत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. घरच्यांना एक प्रत मिळायची, मूळ फीत सुहादकडेच राहायची.

त्यामुळे आजार तिने वाचून दाखवायचा आणि औषध त्याने भिंतीकडे बघत सांगायचं, असा त्या दोघांचा कारभार चालला होता.

“किती वेळ टिकलं?” थामिरने विचारलं.

“चहा निवेपर्यंत.”

“मघाशीही तेवढंच टिकलं होतं. मी केबल बदलली, तरी तेच.”

साठवणीचा जुना डबा शेजारच्या कपाटात होता. इतक्या वर्षांची सगळी लग्नं त्यातल्या डिस्कांवर. त्यातली एक गेल्या आठवड्यात मेली होती आणि दुसरी आता खोकत होती. तीही गेली की उरलेल्या धडधाकट डिस्कांचाही उपयोग नव्हता, सगळं एकदमच जाणार होतं. बाजारात आजारी डिस्क वाचवणारी दुकानं होती, पण तिथे चार परकी माणसं पडदा उघडून बसणार. ते सुहादच्या मनात क्षणभरही आलं नाही.

तिने नवा डबा आणून कपाटात जुन्याशेजारी ठेवला. साध्या वायरीने सगळं उतरवायला दिवसच्या दिवस लागले असते, आणि वीज तर सरकारी जायची, मग मोहल्ल्याच्या जनरेटरची यायची, मग तीही जायची. दर वेळी वीज परतली की आजारी डिस्क आधीपेक्षा जास्त वेळ खोकून मग जागी व्हायची. म्हणून थामिरने जुन्या बाजारातून दोन वापरलेली, वेगवान नेटवर्क कार्डं भंगाराच्या भावात आणली आणि दोन्ही डब्यांत एकेक बसवलं. कुठल्याशा मोठ्या कंपनीच्या सर्व्हरांतून काढलेली. ती चालली असती तर दिवसभरात काम उरकलं असतं. पण ती जरा वेळ वाऱ्यासारखी पळायची आणि मग मुकी व्हायची.

“नबरासची तरी आली का?” थामिरने हळूच विचारलं.

“अर्धी येते आणि तुटते. अर्धीचं काय करू मी?”

नबरास हिवाळ्यात गेली, बाळंतपणात. लग्नाची प्रत सासरच्यांनी ठेवून घेतली आणि माहेरी द्यायला नाही म्हणाले. आता तिची नाचणारी, हसणारी फीत जगात फक्त या कपाटात होती. तिची आई, उम्म हारिस, वसंतात फोन करून म्हणाली होती, “पोरी, माझ्या नबरासची फीत आहे ना तुझ्याकडे?” सुहाद म्हणाली होती, “खाला, डोळ्यांत तेल घालून जपलीय.” उम्म हारिस शुक्रवारी येणार होती, आणि आज गुरुवार होता. सुहादच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मेलेल्या लेकीच्या आईला काय तोंड दाखवायचं, हा एकच विचार तिला कुरतडत होता.

थामिरने दुकानदाराला, अबू लैसला, फोन लावला आणि आवाज मोठा केला.

“अरे राजा, कार्डं ठणठणीत आहेत,” अबू लैस म्हणाला. “मी स्वतः दुकानात चालवून दिली. डबा ठेवलाय कुठे?”

थामिरने सुहादकडे पाहिलं. बायकांच्या फिती झोपायच्या खोलीत, कुलूपबंद कपाटात आहेत, हे परक्या पुरुषाला कोण सांगेल?

“टेबलावर. उघड्यावर,” थामिर म्हणाला.

“उघड्यावर? मग मला काही कळत नाही बाबा. घेऊन ये इकडे, मी बघतो.”

“ते जमायचं नाही.”

“का? डब्यात सोनं आहे का तुझ्या?”

थामिरने फोन ठेवला आणि नुसताच स्क्रूड्रायव्हर फिरवत राहिला. सुहादला रडू आवरेना. तिने कपाट उघडलं. दोन्ही डब्यांवर सासूने विणलेलं जाड कापड होतं, धुळीच्या वादळांसाठी आणि नको त्या नजरेसाठी. तिने कापडाखाली हात घातला, डब्यामागे बाहेर आलेलं कार्डाचं धातूचं तोंड चाचपलं आणि चटकन हात मागे ओढला. बोटाला फोड येईल इतकं ते तापलं होतं.

“थामिर, हे जळतंय.”

“कार्ड?”

“तव्यासारखं.”

थामिरने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग कपाळाला हात लावून म्हणाला, “त्या कंपन्यांच्या खोल्यांत पंखे वादळासारखे घोंघावत असतात. ही कार्डं तिथली. आपण त्यांना बुरखा घालून कपाटात कोंडलंय. आणि मी त्या बिचाऱ्याला खोटं सांगितलं.”

कपाटाला वारा कुठून येणार? त्या खोलीला खिडकीही धड नव्हती, पंखा लावला तरी तीच कोंडलेली गरम हवा फिरली असती. वारा होता फक्त बैठकीच्या खोलीत, जिथे दिवसभर थामिरचे भाऊ, शेजारी, कोणीही पुरुष येऊन टेकायचे. सुहादने कुलपाची किल्ली मुठीत धरली. सात पडद्यांत ठेवलेल्या बायका बैठकीत नेऊन मांडायच्या, ही कल्पनाच तिला सोसवेना. पण कपाटात ठेवल्या तर त्या कपाटातच मरणार होत्या.

“उचल,” ती म्हणाली.

दोघांनी डबे आणि पडदा बैठकीत नेले. झाकणं काढली, कापडं काढली, टेबलफॅन सरळ कार्डांच्या तोंडाशी लावला. जनरेटरची वीज मोजकी मिळायची, म्हणून फ्रिज बंद केला, एसी बंद केला. बाहेर जुलैचं ऊन आग ओकत होतं. थामिरने बाहेरचं दार ओढून घेतलं आणि पायरीवर जाऊन बसला. येईल त्याला सांगू लागला की घरात साथीचा ताप आहे, आत येऊ नका. त्याचा धाकटा भाऊही तिथूनच परत गेला, काहीसा रागावून.

आत सुहाद घामाने निथळत बसली होती. पंखा तिच्याकडे वळवायचा मोह तिला एकदाही झाला नाही. वीज गेली तेव्हा ती खजुराच्या पात्यांचा पंखा घेऊन गार पडणाऱ्या कार्डांनाच वारा घालत बसली, वेड्यासारखी. वीज आली, डिस्क खोकली, खूप खोकली, सुहादने दुआ पुटपुटली, आणि आकडे पुन्हा पळू लागले. चहा निवला, दुसराही निवला. तुटलं नाही. नबरासची फीत पूर्ण उतरली तेव्हा तिने ओढणीने डोळे पुसले आणि पुढची लावली. दिवेलागणीला सगळी लग्नं नव्या डब्यात आली होती.

शुक्रवारी दुपारी उम्म हारिसला तिच्या थोरल्या मुलाने गाडीतून आणलं. तो गाडीतच बसला. थामिर नमाजाला गेला होता. डबे पुन्हा झोपायच्या खोलीत आले होते, पण आता कपाटाबाहेर, उघडे. म्हातारीने अबाया सावरला, पलंगावर टेकली आणि चहाला हात लावला नाही.

“खाला, लावू का?” सुहादने विचारलं. तिचा आवाज आनंदाने कापत होता. “पूर्ण आहे. एक क्षणही गेलेला नाही.”

“नको,” उम्म हारिस म्हणाली. “पूस.”

सुहादला वाटलं, ऐकण्यात काही चुकलं.

“माझ्या मुलांनी मुसहफावर, कुराणावर हात ठेवायला लावलाय. बहीण मातीत गेली, तिचे उघडे केस जगात राहायला नकोत, म्हणतात. माझ्या डोळ्यांदेखत पुसायची. मी शपथ घेऊन बसलेय, पोरी.”

“एकदा बघा तरी, मग पुसते.”

“बघितलं तर पुसू देणार नाही मी. पूस.”

सुहादने खुर्ची पडद्याकडे ओढली. काल ती डिस्क खोकून मेली असती तर हे आपोआप झालं असतं, असं तिच्या मनात येऊन गेलं, आणि तिला तिचाच राग आला. तिने जुन्या डब्यातलं नबरासचं नाव शोधलं. पडद्यावर अंगठ्याएवढी नबरास हात वर करून नाचत होती. सुहादने ते पुसलं. जागा रिकामी झाली. उम्म हारिसने पडद्याजवळ तोंड नेऊन ती रिकामी जागा नीट बघितली.

“झालं?”

“या डब्यातलं झालं,” सुहाद म्हणाली. तिथेच थांबता आलं असतं. पण ज्या बायका तिच्यासमोर केस सोडत होत्या त्या तिच्या शब्दावर सोडत होत्या, आणि तिला थांबता येईना. “खाला, कालच मी सगळ्याची एक प्रत…”

उम्म हारिसने हात पुढे करून तिच्या ओठांवर बोटं ठेवली. बोटं गार होती.

“मला एक फीत पुसताना बघायची होती. मी बघितली.”

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. म्हातारी उठली, दारापर्यंत गेली आणि मुलाला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाली, “आले रे. पुसलं माझ्यासमोर.”

मग चपला घालायला वाकली, आणि वाकलेलीच खाली बघत, अगदी हळू आवाजात म्हणाली, “रविवारी सगळी पोरं कामावर असतात. घरी असशील ना?”