पाहुण्यांच्या आकड्यातले घरटे

मित्रांनो, मी एक जुना गुणफलक आहे. गाव नेब्रास्कातले विलो फोर्क, वय एकसष्ट, अंगावर तीनशे वीस दिवे. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल मैदानाच्या उत्तर टोकाला ऊन, बर्फ आणि बँडवाल्यांचे सूर सोसत मी उभा होतो.

माझी बटणे दाबायच्या व्हर्नाबाई स्टकी, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. फ्यूज उडाला की त्या आधी मला रागवत, मग दुरुस्त करत. पुढच्या हंगामानंतर मला काढून तिथे मोठा पडदा बसवायचे ठरले, तेव्हा त्यांनी एकच हट्ट धरला. त्याआधी देशातल्या अव्वल बारा संघांच्या प्लेऑफचा एक तरी सामना या मैदानावर व्हावा आणि तो आम्ही दोघांनी दाखवावा.

आमचे कॉलेज कोणत्याच गटात नाही, म्हणून बाराही प्रतिस्पर्धी आपले आपण निवडायचे. ते काम प्रशिक्षक रॉयस टॉलिव्हर यांच्याकडे होते. रॉयस मोठे सावध. आंघोळीच्या टबातही आधी अंगठा बुडवून खोली बघतील. त्यांनी एकेक असे संघ शोधून आणले की विचारू नका. एका संघात खेळाडूंपेक्षा बँडमधले बासरीवाले जास्त. दुसरा पाद्र्यांच्या शाळेचा. ते आमच्या माणसाला पाडत आणि लगेच हात देऊन उठवत, वर क्षमा मागत. निकाल ५६-३, ६३-०, ७०-६. आमच्या बाजूचे दिवे भराभर जळून जात. पाहुण्यांच्या बाजूचा दशकाचा आकडा मात्र सहा वर्षे पेटलाच नाही. तिथे एका चिमणीने घरटे बांधले आणि तिच्या नातवंडांचीही लग्ने तिथेच झाली. मला तेव्हा याचा फार अभिमान वाटे.

त्या वर्षी बारापैकी बारा सामने जिंकून सारे गाव डिसेंबरातल्या निवडीच्या रविवारी शेजारच्या सभागृहात टीव्हीपुढे बसले. प्लेऑफचे संघ निवडणाऱ्या समितीने बारा नावे वाचून दाखवली. आमचे नाव नव्हते. तीन सामने हरलेला एक संघ मात्र आत होता. समितीचे प्रमुख शांतपणे म्हणाले, "विलो फोर्क जिंकले हे खरे. पण कोणाविरुद्ध?"

सगळ्यांसाठी भट्टीत भाजून आणलेल्या बटाट्याच्या कॅसरोलला कोणी हात लावला नाही. नेब्रास्कात याहून मोठा दुखवटा नसतो.

रॉयस तणतणत माझ्याखाली आले. "बाई, हा दरोडा आहे."

"रॉयस, तू माझ्याच वर्गात होतास," व्हर्नाबाई म्हणाल्या. "सातवीत असताना दुसरीचा पेपर सोडवायचास आणि शंभर मार्क मागायचास. शिडी धर."

वर चढून त्यांनी घरट्यावर बोट ठेवले. "हे बघ. तुझ्या वेळापत्रकाचं प्रगतिपुस्तक."

 सोमवारी रॉयस यांनी दुबळ्या संघांशी केलेले दोन करार मोडले. पाद्र्यांनी उलट त्यांचीच क्षमा मागितली. त्या जागी दोन तगडे संघ आले. त्यातला एक टेक्ससचा. त्याचे खेळाडू बसमधून उतरले तशी बस वीतभर वर आली.

सामन्याच्या पहिल्याच सत्रात त्यांचे दहा गुण झाले. सहा वर्षांनी तो आकडा पेटला आणि चिमणी भरल्या मैदानाला शिव्या देत उडाली. आम्ही २४-२७ असे हरलो. मी शरमेने मंद झालो. व्हर्नाबाईंनी मात्र पाहुण्यांच्या बाजूचा एक जळालेला दिवा बदलला आणि चक्क शीळ घातली.

दुसऱ्या तगड्या संघाला आम्ही कसेबसे दोन गुणांनी हरवले, बाकीचेही जिंकले. डिसेंबरात समितीने नावे वाचली. एक सामना हरूनही आम्ही बारांत सातवे, म्हणून पहिला सामना घरच्या मैदानावर. त्या दिवशी कॅसरोलचे भांडे खरवडून पुसले गेले.

तो सामना बर्फात झाला आणि आम्ही तो ३०-३१ असा हरलो. पण शेवटच्या शिट्टीला माझा एकही आकडा अंधारात नव्हता. व्हर्नाबाईंनी बटणावरचा हात कितीतरी वेळ काढला नाही.

मैदानावरून काढल्यावर आता मी व्हर्नाबाईंच्या परसात उभा असतो. चिमणीही परत आली आहे. हल्ली तिला कोणी उठवत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पुसा, त्यांच्या बिजागऱ्यांना तेल घाला. आणि अधूनमधून आपल्या फलकावरचे पाहुण्यांचे दिवेही तपासा. ते वर्षानुवर्षे कोरे करकरीत राहिले असतील, तर आपण खेळत नसून चिमण्या पाळत आहोत, असे खुशाल समजा.