वाटराख्याची पांढरी खूण

घरच्या माणसाला लेखी काय द्यायचं, या एका खुळापायी वाटराख्याने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. बरं, माणूस कामचुकार असता तर म्हटलं असतं, भोग बाबा आपल्या कर्माची फळं. पण सव्वीस वर्षं हा गृहस्थ सकाळी साडेसहाला फाटकातून जंगलात शिरायचा तो दुपारी उन्हं कलल्यावरच बाहेर पडायचा. तळ्यापासून वर कड्यावरच्या बाकापर्यंतची चौदा किलोमीटरची वाट राखणं हे त्याचं काम. म्हणून तर त्याचं नावच वाटराख्या पडलं होतं.

झाडांवर पिवळे पट्टे रंगवायचे. एका पट्ट्यापाशी उभं राहिलं की पुढचा दिसलाच पाहिजे, हा त्याचा हट्ट. पाच वर्षांपूर्वी त्या वाटेवर सायकलवाल्यांनाही परवानगी मिळाली आणि त्याचं काम दुप्पट झालं. कुठे पायरी खचलेली, कुठे कठडा हलतोय, कुठे मुळं उघडी पडलीत, सगळं तो वरच्यांच्या कानावर घालायचा. आणि सांगून झालं की त्या जागेजवळच्या झाडावर, गुडघ्याच्या उंचीवर, पांढऱ्या रंगाची बरोबरची खूण करायचा. ही खूण त्याची स्वतःची. अर्थ एकच, सांगितलं. दुरुस्ती झाली की चाकूने खरवडून टाकायची. दुरुस्ती मात्र त्याच्या हातात नव्हती. फळ्या कोठारात, कोठाराची किल्ली सुताराकडे आणि सुतार साहेबांच्या हुकुमाशिवाय हलायचा नाही.

साहेब म्हणजे कोणी परका नव्हे, त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. एके काळी हाच मेहुणा रंगाचा डबा घेऊन त्याच्या मागे मागे फिरायचा. पोरगा चुणचुणीत आहे म्हणून वाटराख्यानेच त्याला बहीण दिली. पुढे तो परीक्षा देत देत खुर्चीवर जाऊन बसला. दुरुस्तीसाठी छापील अर्ज होते, नाही असं नाही. पण मेहुणा म्हणायचा, "आपल्यात कसले अर्ज, दादा? घरी या, चहा घ्या, तोंडी सांगा की." अर्ज आला की मुख्य कचेरीला उत्तर द्यावं लागतं, तोंडी सांगितलेलं हवेत विरतं. ही मेख वाटराख्याच्या डोक्यात कधी शिरलीच नाही. उलट मेहुण्याने आपला मान ठेवला म्हणून हा बापडा खूश!

त्या गुरुवारीही तो असाच बहिणीच्या स्वयंपाकघरात बसला होता. "दाजी, ओढ्यावरच्या लाकडी पुलाची तिसरी फळी कुजलीय. हातोडीच्या दांड्याने ठोकली तर भुसा पडतो. मी फांद्या आडव्या टाकल्यात, पण सायकलवाले उचलून फेकतात."

"फांद्या काढा आधी. तक्रारी येतात," मेहुणा म्हणाला. "बघतो मी फळीचं."

बहीण चहा गाळत होती. ती म्हणाली, "अहो, बघतो काय? उद्याच सुतार पाठवा. कुणाची मान मोडेल."

मान नाही मोडली. बारा दिवसांनी एका शाळेतल्या बाईंची सायकल त्या फळीत अडकली आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. चौकशी लागली. पहिला प्रश्न आला, दुरुस्तीचा अर्ज कुठे आहे? आणि मेहुण्याने सरळ कानावर हात ठेवले. "माझ्यापर्यंत काहीच आलं नव्हतं."

वाटराख्याच्या निवृत्तीला तीन महिने राहिले होते. नोकरी जाणार, फाटकाजवळची खोली जाणार, त्याहून वाईट म्हणजे बाई त्याच्या हलगर्जीपणाने पडल्या असा शिक्का बसणार. तो तडक बहिणीकडे गेला.

"तू तिथेच होतीस. तू स्वतः बोललीस सुताराचं. एवढंच सांग चौकशीत."

तिने ओट्यावरचं फडकं उचललं, पिळलं, परत पिळलं. "दादा, मला नको ओढूस यात. यांची बढती आलीय तोंडावर, मुलीची सोयरीक चाललीय. तुझं काय रे, एकटा जीव. कुठेही भागेल तुझं."

एकटा जीव! आई गेल्यावर हिला पाठीवर घेऊन शाळेत सोडणारा हा एकटा जीव. त्याला ते लागलं, चांगलं आतपर्यंत लागलं. पण बहिणीपुढे आवाज चढवायची सवय नव्हती, आणि खूण आहे की आपली, खूण खोटं कशी बोलेल, असं म्हणत तो उठला.

चौकशीवाल्या बाई पुलापाशी आल्या तेव्हा त्याने मोठ्या भरवशाने त्यांना झाड दाखवलं.

"ही कशाची खूण?"

"सांगितल्याची, मॅडम. सांगून झाल्याशिवाय मी रंग लावत नाही. हे साहेबांनाही ठाऊक आहे. विचारा."

मेहुणा खाली वाकला. खूण नीट पाहिल्यासारखं केलं. मग थंडपणे म्हणाला, "खूण यांच्याच हातची आहे, मॅडम. म्हणजे फळी कुजलीय हे यांना आधीपासून माहीत होतं."

बाईंनी लिहून घेतलं. "अशा आणखी खुणा आहेत?"

इथे तरी माणसाने जीभ आवरावी की नाही? पण सव्वीस वर्षांत याला वाटेबद्दल कोणी खोटं बोलायला शिकवलंच नव्हतं. "आहेत की. अकरा," तो म्हणाला, आणि एकेक करून दाखवायला पुढे निघालासुद्धा. खचलेली पायरी, हलणारा कठडा, वाटेवर कललेलं वाळकं झाड. प्रत्येक ठिकाणी बाईंनी फोटो काढला. अकराव्या खुणेपाशी पोचेपर्यंत बाई त्याच्याशी बोलायच्या थांबल्या होत्या, आणि तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं की आपण काय दाखवत आलो.

निकाल महिन्याभरात आला. बारा धोके माहीत असूनही कचेरीला कळवले नाहीत, सबब बडतर्फ. खोली आठ दिवसांत रिकामी करावी.

त्याने टोपी आणि गणवेश जमा केला. पांढऱ्या रंगाचा डबा त्याने स्वतः आणलेला होता, तो तेवढा बरोबर घेतला. दुपारी चारच्या सुमारास तो बहिणीच्या दारात उभा राहिला. मेहुणा कचेरीत होता.

"ये ना, दादा. चहा टाकते," ती घाईघाईने आत जाऊन आधण ठेवत म्हणाली. "मनात काही ठेवू नकोस हं. माझा इलाज नव्हता."

तो आत आला. स्वयंपाकघराच्या दारापाशी एक गुडघा टेकून बसला. डब्याचं झाकण चाकूने उचकटलं, ब्रश बुडवला आणि चौकटीवर, गुडघ्याच्या उंचीवर, बरोबरची खूण केली. पांढरा रंग फरशीवर दोन थेंब गळला.

"अरे, हे काय करतोयस?" बहीण ओरडली. मग ओळखलंच तिने. त्याच्यासाठी दुपारचा डबा घेऊन किती वेळा गेली होती ती त्या वाटेवर. तिचा हात तोंडावर गेला.

"इथेच सांगितलं होतं," तो म्हणाला. झाकण हाताच्या तळव्याने दाबून बसवलं आणि चौकटीला धरून उठला. "दुरुस्ती झाली की खरवडून टाक."

आधण उकळत होतं. तो चहा न घेता निघून गेला.