बेनिनच्या बियांचं गाऱ्हाणं

गाऱ्हाणं घालायला माझ्याच बाबांना बोलावलं. लाज नाही.

गावात काही नवीन सुरू झालं की देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालणार ते आमचे बाबा, भिकाजी. ठरलेलं. पण आज कारखान्याच्या दारात आफ्रिकेतल्या बेनिन देशाच्या काजू बियांचा कंटेनर होता. आणि मालक गुरुप्रसाद परवाच बाबांना म्हणाला होता, "काका, ह्या वर्षी गावची बी नको. भायरची स्वस्त पडता."

आमची बी पोत्यांत पडून. सगळ्या वाडीचीच. मी त्याच्याच कारखान्यात बॉयलरवर वाफवलेली बी फोडते. म्हणजे घरची बी घरात, माझ्या मशीनवर बेनिनची!

गुरुप्रसादने भाषण केलं. गरीब देशांनी एकमेकांशी व्यापार वाढवायला हवा. आपण भाऊ-भाऊ. टाळ्या. शेजारी बेनिनहून आलेले कोसी, तिथल्या शेतकऱ्यांच्या संस्थेचे. मी त्यांचा राग करायच्या तयारीत होते. चहा दिला तर मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "इथे काजूची एवढी झाडं! मग आमची बी कशाला?"

"तुम्ही विकता कशाला?"

"फोडायला आमच्या भागात कारखाना नाही. घेणारा सांगेल तो भाव."

राग होता तेवढाच राहिला. फक्त मालकाकडे वळला.

बाबांनी नारळ ठेवून सुरुवात केली, बाकी सगळे साथीला.

बा देवा रवळनाथा —

व्हय महाराजा!

लांबसून इलल्या ह्या पावण्याक बरो भाव गावांदे रे महाराजा —

व्हय महाराजा!

(गाऱ्हाण्यात अर्थ कोण ऐकतो? बाबांचा सूर खाली आला की तोंड आपोआप उघडतं. जन्मापासूनची सवय.)

आणि जो कोण गावची बी दारातसून परत धाडीत, ती वजनकाट्यार चढवल्याबिगर तेच्या बॉयलराक वाफ धरा नको रे महाराजा —

व्हय महाराजा!

सगळ्यात मोठा आवाज गुरुप्रसादचा.

मग बायकांतून फिस्सकन हसणं.

"काका, ह्या काय घातलात?"

"मी खंय काय केलंय? व्हय तू म्हटलंस."

"ता म्हणण्यापुरता!"

"देवाक तसा सांग."

गुरुप्रसाद बॉयलरवाल्या सत्यवानवर ओरडला, "पेटव रे!"

सत्यवान हलला नाही. "मीय व्हय म्हटलंय, शेठ. माका घरात पोरांबाळां आसत."

"संचिता, तू तरी मशीनवर बस."

बसले नाही तर नोकरी जाणार, हे कळत होतं. "वाफेबिगर बी फोडू कशी?" मी म्हटलं. आवाज चढला होता, चढू दिला. "भाऊ-भाऊ म्हणतास मा? मग शेजारचो भाऊ कोण तुमचो?"

कोसींना काय चाललंय ते कळलं नसावं. तरी ते मालकाच्या बाजूची खुर्ची सोडून उठले आणि हमालांशेजारी पोत्यावर जाऊन बसले.

गुरुप्रसादने फोन काढला. आमच्याकडे न बघता म्हणाला, "टेम्पो बी आणूक भिकाजीकाकांकडे धाड."

"माझ्याकडे नको," बाबा गरजले. "एकट्याक गप करतस? वाडीच्या वरच्या टोकापासून सुरू कर. राधाबाईकडसून. माझा घर शेवटाक."

फोन कानाला तसाच. पलीकडचा ड्रायव्हर विचारत होता, नेमकं जायचं कुठे.